मासेमारी नौकेत इंधनाचा वास जात नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपाटीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही बंदरात हा विषय निघाला की दोन उत्तरं तयार असतात: "टाकी फुटली असेल" आणि "फिनेल मार". दोन्ही बहुतेक वेळा चुकीची. खालचे प्रश्न नाखवा (नौकेचा मालक), तांडेल (नौका चालवणारा प्रमुख) आणि छोट्या होडीवाल्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे आहेत. उत्तरं मुख्यतः डिझेल इंजिन आत बसवलेल्या नौकांसाठी आहेत. पेट्रोलवरच्या आउटबोर्डचा, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचा, प्रश्न वेगळा घेतला आहे. तो तुमचा असेल तर आधी तोच वाचा.

डिझेलची बोट म्हटल्यावर थोडा वास येणारच ना? मग काळजी कधी करायची?

इंजिन खोलीचं झाकण उघडल्यावर हलका वास आला, वारा लागल्यावर विरला, तर ठीक. काळजीचा वास तो, जो झाकण बंद असताना केबिनपर्यंत येतो, रोज येतो किंवा आठवड्याभरात वाढलेला जाणवतो.

थेंबाचा हिशेब एकदा करून बघा. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर तासाला साधारण 180 मिलिलिटर, म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर डिझेल जातं. डिझेलचा कोटा आणि परताव्यासाठी सोसायटीत खेपा घालणाऱ्या माणसाला हा आकडा वासापेक्षा जास्त झोंबेल.

आणि डिझेल पेटत नाही या समजुतीवर राहू नका. आपल्याकडच्या साध्या डिझेलचा ज्वलनबिंदू, म्हणजे ठिणगीने पेटण्याइतकी वाफ ज्या तापमानाला निघते ते, किमान 35 अंश सेल्सिअस धरलेला आहे, आणि मे महिन्यात बंद इंजिन खोली त्याच्या वर सहज जाते. एवढ्याने ते आपोआप पेटत नाही, पण ठिणगी मिळाली तर पेटू शकतं. तापलेल्या उघड्या एक्झॉस्टवर बारीक फवारा पडला तर ठिणगीचीही गरज नाही.

वास डिझेलचाच आहे हे कसं ओळखायचं?

कच्च्या डिझेलचा वास तेलकट असतो, कपड्याला लागला की राहतो. जळलेल्या डिझेलचा वास डोळ्यांत आणि घशात जातो. असा वास असेल आणि सोबत डोकं दुखत असेल, तर इंधनाची गळती शोधत बसू नका. एक्झॉस्टचा जोड किंवा पाइप फुटलेला असण्याची शक्यता आहे, आणि त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. केबिन उघडा, खलाशांना बाहेर काढा आणि जोडांवर काजळीचे काळे पट्टे दिसतात का ते पाहा.

सडक्या अंड्यासारखा वास तळातल्या कुजलेल्या पाण्याचा असतो, नाहीतर जास्त चार्ज होणाऱ्या बॅटरीचा. बॅटरीला हात लावून बघा, गरम लागली तर चार्जिंग तपासा. आंबूस वास येत असेल आणि फिल्टरमध्ये काळा चिकट गाळ सापडत असेल, तर टाकीच्या तळाशी पाणी साचून त्यात जंतू वाढले आहेत. उपाय टाकी साफ करणे हाच, त्यात गळतीचा संबंध नाही.

स्वयंपाकाचा सिलिंडर बोटीत असेल तर तीही शंका घ्या. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तळात जाऊन बसतो. तसा वास आला तर बटण, मोटर, पंप कशालाच हात लावू नका. आधी सिलिंडर बंद करा, मग सगळी झाकणं उघडा.

शोध सुरू कुठून करायचा?

पुसण्यापासून. ओल्या, तेलकट इंजिनवर गळती शोधता येत नाही, कारण डिझेल जिथून निघतं तिथे थांबत नाही. पाइपच्या खालच्या अंगाने वाहत जातं, एखाद्या क्लिपपाशी थबकतं आणि तिथून टपकतं. मग माणूस त्या क्लिपला दोष देतो. इंजिन, पंप, फिल्टर, पाइप, टाकीचे जोड कोरड्या फडक्याने पुसा, तळातलं पाणी आणि तवंग काढा, सगळं वाळू द्या. मगच बघायला बसा.

दुसरं काम म्हणजे वास कधी येतो ते टिपणं. इंजिन चालू असताना, बंद केल्यावर, टाकी भरल्यावर, की लाटांत बोट लोळू लागल्यावर? हे एकदा पक्कं कळलं की निम्मी बोट तपासातून बाद होते. वास कुठे जास्त येतो याला मी तेवढं महत्त्व देत नाही. इंधनाची वाफ जड असते, ती खाली उतरते आणि फळ्यांखालून वाटेल तिकडे निघते.

तिसरी गोष्ट नाकाची. डिझेलच्या वासात थोडा वेळ काढला की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. त्या दिवशी समुद्रावर न गेलेल्या माणसाला बोलवा. घरातली बायकामाणसं हे काम बोटीवरच्या कोणापेक्षाही चांगलं करतात.

तरीही दिशा कळत नसेल, तर जेटीला बांधलेल्या बोटीवर एक चाचणी करा. टाकीचा कॉक बंद करा आणि इंजिनला बाहेर ठेवलेल्या डिझेलच्या कॅनमधून पुरवठा द्या. परतीचा पाइपही त्याच कॅनमध्ये सोडा. हे विसरू नका, नाहीतर परतीचं डिझेल टाकीत जात राहील आणि चाचणीला अर्थ उरणार नाही. कॅन घट्ट बांधा, एक्झॉस्टपासून लांब ठेवा. अशा जोडणीत वास आला तर दोष इंजिनच्या बाजूला, नाही आला तर टाकी किंवा तिच्या पाइपांत. ही चाचणी फक्त डिझेलची आहे, पेट्रोलवर करू नका.

इंजिन चालू असतानाच वास येतो, बंद केलं की कमी होतो. काय असेल?

दाब असतो तेव्हाच गळणारी जागा. म्हणजे फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप) पुढचा भाग: फिल्टरचे जोड, मोठ्या दाबाच्या पंपातून नोझलकडे (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड) जाणारे पाइप आणि नोझलवरून टाकीकडे परतणारी बारीक लाइन. माझा पहिला संशय नेहमी या परतीच्या लाइनवर असतो. ती बारीक असते, तिच्यात दाब कमी असतो, इंजिन चालायला ती आड येत नाही, म्हणून तिच्याकडे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. रबर कडक होतं, टोकाला चिरतं, आणि डिझेल हेडवर पसरून तिथल्या तिथे वाफ होऊन जातं. खाली थेंब दिसत नाही, वास मात्र भरपूर.

पुढचा संशय तांब्याच्या वायसरवर. बँजो बोल्ट (पाइपाचं टोक धरणारा पोकळ बोल्ट) खोलला की जुनाच वायसर उलटा करून बसवायची सवय बऱ्याच मेस्त्रींना असते. वायसर बोटावर घेऊन उजेडात तिरका धरा: गोल दाबाची खूण दिसेल, आणि तिला आडवा जाणारा केसाएवढा ओरखडा दिसला तर गळती तिथूनच आहे. नवीन वायसरची किंमत चहाच्या बिलाएवढी असते. नाइलाजाने जुनाच वापरायचा झाला तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, तांबं मऊ पडतं. पण खोल ओरखडा त्याने जात नाही.

जागा पकडायला टाल्कम पावडर वापरा. पुसलेल्या, कोरड्या आणि थंड जोडांवर हलकी भुरभुरवा, इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवा, मग टॉर्च मारा. पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. तिचं वरचं टोक म्हणजे गळतीची जागा.

एक गोष्ट बजावून सांगतो. पंप ते नोझल या पाइपांवर चालू इंजिनात बोट फिरवून गळती शोधू नका. नोझल उघडतानाच दाब 200 बारच्या आसपास असतो. डोळ्याला न दिसणारी धार कातडीतून आत शिरते, वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं, आत मात्र बोट सडायला लागतं. तसं झालं तर दुखायची वाट न पाहता थेट मोठ्या हॉस्पिटलात जा आणि "दाबाचं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा. शोधायचं असेल तर लांब पुठ्ठ्याचा तुकडा पाइपाजवळून फिरवा, ओला डाग त्याच्यावर पडेल.

उलट आहे: चालू असताना काही नाही, रात्रभर बोट उभी राहिली की सकाळी वास येतो.

टाकी ते फीड पंप या ओढणाऱ्या बाजूला बघा. इंजिन चालू असताना इथे दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे फटीतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. इंजिन बंद झालं आणि टाकी पंपाच्या वर असली की तीच फट थेंब सोडायला लागते.

याची दुसरी खूण म्हणजे सकाळी इंजिन लवकर न धरणं, फिल्टरमध्ये बुडबुडे, आणि हातपंप मारून हवा काढावी लागणं. वास आणि हवा धरण्याची तक्रार एकत्र असेल तर फिल्टरच्या वाटीचं रबर, ड्रेनचा स्क्रू आणि टाकीच्या कॉकचं पॅकिंग आधी तपासा. टाकी पंपाच्या खाली असेल तर हवा धरेल पण थेंब पडणार नाही. मग वासाचं कारण दुसरीकडे आहे.

जाताना टाकीचा कॉक बंद करण्याची सवय लावली तर हा वास बऱ्याचदा एका रात्रीत कळतो: बंद ठेवल्यावर सकाळी वास नाही, म्हणजे दोष कॉकच्या पुढे.

टाकी भरली की दोन दिवस वास येतो, नंतर जातो. टाकी गळते का?

गळत असेल तर वरून. डेकवरच्या तोंडापासून टाकीपर्यंत जाणारा जाड रबरी पाइप बघा. वाकणावर त्याला चिरा पडतात, क्लिपा गंजतात, आणि भरतानाच काही पेले डिझेल टाकीच्या माथ्यावर सांडतं. सोपी परीक्षा म्हणजे पुढच्या काही फेऱ्यांना टाकी पाऊणच भरा. वास आला नाही तर दोष वरच्या भागात.

पूर्ण काठोकाठ भरण्यात आणखी एक गंमत आहे. डिझेल तापल्यावर फुगतं. 1000 लिटर डिझेल दहा अंशांनी तापलं की साधारण आठ लिटर वाढतं. पहाटे जेटीवर गळ्यापर्यंत भरलेली टाकी दुपारी हवेच्या नळीतून डेकवर ओकते. खलाशी म्हणतात टाकी फुटली, पण टाकीत फक्त जागा उरलेली नसते.

हवेची नळी कुठे उघडते तेही पाहा. 500 लिटर डिझेल आत जाताना तेवढीच वाफाळलेली हवा या नळीतून बाहेर पडते. नळीचं तोंड केबिनच्या खिडकीखाली असेल तर भरताना खिडकी बंद ठेवणं किंवा नळी बाहेरच्या अंगाला नेणं एवढाच उपाय.

लाटांत बोट लोळली की वास येतो, बंदरात काहीच नाही.

टाकीच्या माथ्यावरच्या झाकणाचं गॅस्केट किंवा पातळी दाखवणाऱ्या काट्याचं रबर. बंदरात डिझेल तिथपर्यंत पोचत नाही, लोळताना आपटतं. माथ्यावर धूळ चिकटून काळपट चिखल झालेला दिसेल. गॅस्केट नवीन घाला. डिझेलला न टिकणारं साधं रबर किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावू नका, काही महिन्यांत फुगून लोंबतो.

तळात पूर्वी सांडलेलं डिझेल असेल तरी लोळताना ते ढवळून वास येतो. त्यासाठी तवंगाचा प्रश्न खाली पाहा.

मग टाकी खरंच फुटली आहे हे कसं ठरवायचं?

वरचं सगळं तपासून झाल्यावर. टाकी काढणं म्हणजे बऱ्याच बोटींत डेक उचकटणं, म्हणून घाई नको. बंदरात शांत पाण्यात सगळे कॉक बंद करा, काठीने पातळी मोजून खूण करा आणि एक-दोन दिवसांनी त्याच वेळेला पुन्हा मोजा. वेळ तीच हवी, नाहीतर थंड-गरमचा फरक गळतीसारखा दिसतो.

पत्र्याची टाकी बहुधा खालून जाते, ओल्या लाकडावर किंवा फोमवर टेकलेली असते तिथे. हाताला न लागणारा तो भाग आरसा आणि टॉर्च घेऊन पाहा.

हवेच्या दाबाने तपासायची असेल तर 0.2 बारच्या वर जाऊ नका आणि कॉम्प्रेसर थेट लावू नका. हा दाब क्षुल्लक वाटतो, पण एक मीटर लांब-रुंद पत्र्यावर त्याचा जोर सुमारे दोन टन होतो. टाकी फुगते, शिवण सुटते, आणि नसलेली गळती तयार होते.

वेल्डिंगबद्दल मी अजिबात सवलत देत नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. बोटीतल्या बोटीत, "डिझेलच आहे" म्हणत वेल्डिंग लावू देऊ नका. टाकी बाहेर काढून, वाफेने धुऊन, हे काम रोज करणाऱ्याकडेच द्या.

तळातल्या पाण्यावर तवंग आहे, पण गळती कुठेच सापडत नाही.

गळती जुनी असू शकते. लाकडी बोटीत डिझेल फळ्यांत आणि फटींत भरलेल्या कापसात मुरतं, फायबरच्या बोटीत फोममध्ये. मग गळती बंद झाल्यावरही कित्येक आठवडे रंगीत पापुद्रा वर येत राहतो. जुनं की नवं हे असं ठरवा: तळ कोरडा करा, इंजिनखाली आणि टाकीखाली वेगवेगळे पांढरे कागद पसरा, बंदरातच दोन दिवस ठेवा. कागदाच्या मध्यावर गोल डाग पडला तर वरून थेंब येतोय. कडेने आत ओल शिरली तर लाकूड पाझरतंय.

तवंगाचं पाणी पंपाने समुद्रात सोडू नका. आधी वरचं डिझेल शोषून घ्या. तेल शोषणारे पॅड मिळाले तर उत्तम, नाहीतर जुनी फडकी. ती वापरून झाली की इंजिन खोलीत कोंबून ठेवू नका, तीच पुढे वास देतात.

आमची छोटी होडी आहे, पेट्रोलचं आउटबोर्ड. वास येतो. तेच उपाय चालतील का?

नाही. पेट्रोलची वाफ शून्याच्या खाली 40 अंशांनाही पेटू शकते आणि ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. होडीच्या तळात ती दिसत नाही, पण असते. वास आला की विडी, स्टोव्ह, मोबाइलचं चार्जिंग, बॅटरीच्या तारा जोडणं-काढणं सगळं थांबवा. टाकी उचलून किनाऱ्यावर मोकळ्या हवेत ठेवा आणि होडीला वारा लागू द्या.

मग तीन जागा. नळीच्या टोकाच्या कनेक्टरमधलं छोटं रबरी कडं, जे झिजलं की जोडताना बोट ओलं होतं. हाताने दाबायचा रबरी बल्ब, जो उन्हात कडक होऊन शिवणीवर चिरतो. आणि कार्बोरेटर: बल्ब घट्ट होईपर्यंत दाबल्यावर तो हळूहळू मऊ पडत असेल आणि खालून पेट्रोल टपकत असेल, तर फ्लोटची सुई (पेट्रोल पुरेसं झालं की वाट बंद करणारी) बसत नाही. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू वापर झाल्यावर बंद करा. उन्हात उघडा राहिलेला स्क्रू हेच अनेकांच्या वासाचं एकमेव कारण असतं.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या नळ्या लवकर खराब होतात, आणि पाणी गेलं तर ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. नळी कधी बदलली हे आठवत नसेल तर बदला.

मासळीला डिझेलचा वास लागतो. बर्फाने धुतलं की जातो का?

जात नाही. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट मासळीत तर तो पक्का मुरतो आणि शिजवल्यावर जास्त कळतो. व्यापारी एक टोपली नाकाला लावून अख्खा माल पाडून मागतो.

मासळीच्या खणात डिझेल येण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. इंजिन खोली आणि खण यांच्यामधल्या भिंतीची पाइप-वायरची भोकं, सामायिक तळातून लोळून येणारं पाणी, आणि सर्वांत जास्त वेळा खलाशाचे हात. फिल्टरला लावलेला हात तसाच बर्फाच्या फावड्याला लागतो. डिझेल लागलेला बर्फ फेकून द्या, वाचवू नका. डिझेलचे कॅन जाळ्यांजवळ ठेवत असाल तर आधी ते हलवा, जाळं आणि दोर वास धरून ठेवतात आणि मासळी त्यांच्यातूनच वर येते.

वास घालवायला काय टाकायचं? फिनेल, डिटर्जंट, कापूर?

गळती बंद होईपर्यंत काहीच नाही, कारण सुगंधाखाली वाढणारी गळती कळत नाही. बंद झाल्यावर शोषून घ्या, मग कोमट पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण, ब्रशने घासून. हे पाणी पिंपात काढा. साबणाने डिझेल पाण्यात मिसळतं, तवंग दिसेनासा होतो, पण डिझेल असतंच. शेवटी झाकणं उघडी ठेवून ऊन-वारा. लाकडाला वेळ लागतो, फोम भिजलेला असेल तर कापून टाकावा लागतो.

पावसाळ्यात शाकारून ठेवलेली बोट उघडली की वास मारतो. गळती समजायची का?

लगेच नाही. ताडपत्रीखाली कोंडलेली हवा, अर्धवट टाकीत धरलेलं पाणी, वाळलेली रबरं यांचा तो एकत्रित वास असतो. दोन दिवस उघडी ठेवा. नारळी पौर्णिमेच्या घाईत थेट इंजिन मारण्याआधी टाकीच्या तळाचं पाणी काढा, फिल्टर बदला आणि वर सांगितलेली पुसापुशी करा. बोट किनाऱ्यावर असतानाच सगळं सोपं असतं.

बाहेर एक थेंब नाही, पण इंजिन ऑइलला डिझेलचा वास आहे आणि पातळी वाढली आहे.

इंजिन चालवू नका. डिझेल आतच गळतंय: फीड पंपाचा पडदा, मोठ्या पंपाचं सील, किंवा टपकणारा नोझल. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. पातळी बघायच्या काडीवरचं ऑइल बोटांत चोळून बघा, पाण्यासारखं निसटलं तर मेस्त्रीला बोलवा आणि दुरुस्तीनंतर ऑइल व फिल्टर दोन्ही बदला.

सगळं बदललं, कागद कोरडे, तरी चालत्या बोटीत केबिनमध्ये वास येतोच.

तेव्हा बोट कुठल्या दिशेने चाललीय ते बघा. समोरून वारा असताना केबिनच्या मागे हवेचा खड्डा तयार होतो आणि मागचा धूर केबिनच्या मागच्या दारातून आत ओढला जातो. मागचं दार बंद करून पुढची खिडकी उघडा. वास थांबला तर गळती नव्हतीच. सोबत पांढरा धूर आणि कच्चा वास असेल तर नोझल तपासून घ्या, अर्धवट जळलेलं डिझेल बाहेर पडतंय.

केबिनमधली फोमची गादी आणि लाइफ जॅकेट एक दिवस उतरवून ठेवायलाही विसरू नका. पूर्वी कधीतरी डिझेल प्यालेली गादी नव्या इंजिनालाही बदनाम करते.

वास फक्त जेटीला असतानाच येतो, समुद्रात कधीच नाही.

शेजारी कोण लागतं ते पाहा. मिरकरवाडा किंवा ससून डॉकसारख्या गर्दीच्या ठिकाणी बोटी एकमेकींना खेटून असतात आणि दुसऱ्याचा तवंग तुमच्या अंगाला येऊन चिकटतो. एक रात्र दुसऱ्या जागी बांधा. वास आला नाही तर शेजारच्या तांडेलाला सांगा, आणि जमलं तर त्याच्या टाकीची हवेची नळी त्याच्यासोबत जाऊन बघा.